आईचा कुर्ता पहिल्याच धुण्यात आटला. कापड घेताना आणि कापण्याआधी तुम्ही काय काय बघता?

सुईदोरा, फोंडा

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचं जुनं काळं मशीन माळ्यावरून खाली काढलं, तेलपाणी केलं, पट्टा बदलला आणि शिवायला बसले. पिशव्या, उशांचे अभ्रे, पडदे इथवर गाडी नीट चालली. यंदा आषाढीला आईसाठी पहिल्यांदा कुर्ता शिवला. आई आता घरात साडी नेसत नाही, गुडघे दुखतात, कुर्ता तिला सोयीचा पडतो.

बाजारातून अडीच मीटर आबोली रंगाचं कॉटन घेतलं. हाताला कसं करकरीत लागत होतं, मला वाटलं कापड दणकट आहे. अस्तराला पांढरं मलमल. माप तिच्या जुन्या कुर्त्यावरून घेतलं, लांबी ४२ इंच. आषाढीला ती घालून देवळात गेली, बायकांनी विचारलं कुठे शिवलास, ती सगळ्यांना सांगत होती लेकीने शिवला म्हणून.

मग धुतला. वाळल्यावर लांबी मोजली तर जेमतेम ४०. अस्तर तर बाहेरच्या कापडाहून जास्त आटलं, त्यामुळे छातीशी वरचं कापड फुगून राहिलं. आणि उजव्या बाजूची शिवण फिरून पोटाकडे आली, हे का झालं ते मला कळलंच नाही. आई काही बोलली नाही. अजूनही तोच घालते, मधूनमधून नुसता खाली ओढत असते. ते बघवत नाही.

चवथीला, म्हणजे गणपतीला, तिच्यासाठी दुसरा शिवायचाच आहे. या वेळी कापडापासूनच सगळं नीट करायचंय. जाणत्यांनी सांगा.

मांडवीकाठ

अगं, हे आपल्या प्रत्येकीचं एकदा झालेलं असतं. मी तर कापड आणलं की त्याच रात्री बादलीत मीठ घालून भिजवते, आटतंही आणि रंगही पक्का होतो. आईने शिकवलं, आजवर चुकले नाही.

गजकात्री, डिचोली

ताई, आमच्या वडिलांचं शिंप्याचं दुकान होतं. मी नोकरी करतो, पण रविवारी मशीनवर बसतो. तुमच्या कुर्त्याचं वर्णन वाचून मला काय झालं असेल ते सांगतो.

मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, घट्ट ताणून धरलेले असतात. पुढे धुलाई, रंगाई, इस्त्री, गुंडाळी या सगळ्यातही कापड लांबीलाच ओढलं जातं. ते ओढलेपण कापडात तसंच बसून राहतं. पहिल्यांदा पाणी लागलं की धागा सैल पडतो आणि आपल्या मूळ जागी परत येतो. याला आपण आटणं म्हणतो. म्हणूनच साधं विणलेलं कॉटन लांबीला जास्त आटतं, पन्ह्याला, म्हणजे रुंदीला, कमी. शंभराला चार-पाच आटणं हे साध्या कॉटनला नेहमीचं आहे. ४२ चे ४० झाले ना? हिशोब तोच येतो. विरळ विणीचं मलमल त्याहून जास्त आटतं, म्हणून अस्तराने वरच्या कापडाला आत ओढलं.

गिरणीतच आधी आटवून घेतलेलं कापडही मिळतं. सॅन्फर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसाने १९३० च्या सुमारास ती पद्धत काढली, त्याच्या नावावरूनच सॅन्फोराइज्ड हा शब्द आला. शर्टिंगच्या चांगल्या कापडाच्या काठावर तो छापलेला दिसतो. असं कापड नंतर शंभराला एकाच्या आसपासच आटतं. बाकी सगळं घरी आटवायचं.

करकरीतपणाबद्दल. दुकानात कापडाचा कोपरा दोन्ही तळव्यांत धरून अर्धा मिनिट जोरात चोळा. पांढरी भुकटी पडली आणि कोपरा लुळा झाला, तर ती खळ, म्हणजे स्टार्च, होती. कापडाचा खरा अंगलोट खळ गेल्यावर कळतो. मग ते उजेडाकडे धरा. धागे सारख्या अंतरावर आहेत का, नखाने आडवं ओढलं तर सरकून फट पडते का? फट पडली तर ते कापड बगलेत आणि पाठीवर शिवणीशीच उसवणार, शिवण कितीही पक्की असली तरी.

आता फिरलेली शिवण. तुमचा पुढचा किंवा मागचा भाग उभ्या धाग्यावर बसला नव्हता. आपण कापड दुमडतो, काठाला काठ लावतो, आणि खालची कड वरखाली दिसली की कात्रीने सरळ करून मोकळे होतो. तिथेच घात होतो. कापड मुळातच तिरपं झालेलं असतं. कॉटन असेल तर काठाला बोटभर चीर देऊन आडवं फाडून घ्या. फाटलेली कड बाण्याच्या, म्हणजे आडव्या, धाग्यावरूनच जाते. जे कापड फाडवत नाही त्याचा एक आडवा धागा हलकेच ओढून काढा, जी रेघ उमटेल तिच्यावर कापा. मग दुमडून बघा. चारी कोपरे जुळत नसतील तर कापड ओलसर असताना दोघांनी समोरासमोरचे, जे कोपरे आखूड पडतात ते धरून तिरपं ओढायचं, सगळीकडून थोडं थोडं, आणि तसंच इस्त्री करायचं. आमचे वडील हे मला समोर उभं करून करत, लहानपणी मला तो खेळच वाटायचा.

सुईदोरा, फोंडा

दादा, तुम्ही तर माझ्या घरात बसून बघितल्यासारखं लिहिलंय. मी कडेला वाकडं दिसलं म्हणून कात्रीनेच सरळ केलं होतं, अगदी हेच! फाडायला धीर होत नाही हो.

गजकात्री, डिचोली

आधी मांजरपाटावर, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडावर, फाडून बघा. अर्धा मीटर घ्या. स्वस्त असतं, आणि नव्या मापाचा कुर्ता पहिल्यांदा कच्चा मांजरपाटाचाच शिवून अंगाला लावून बघावा. गळा, खांदा, मुंढा (बाही जोडतो ती गोलाई) तिथेच दुरुस्त होतो, चांगल्या कापडाला कात्री लागायच्या आधी.

कपिलाषष्ठी, पर्वरी

मांडवीकाठ ताई, राग मानू नका, मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते म्हणून मिठाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. रंगाच्या कढईत मीठ घालतात ते रंग पाण्यातून धाग्याकडे जावा म्हणून. पुढे सोडा घातल्यावर तो रंग कॉटनशी रासायनिक बंधाने जोडला जातो. हे सगळं कारखान्यात झालेलं असतं. एकदा कापड रंगून आल्यावर बादलीतलं मीठ सुटा रंग पक्का करू शकत नाही. तुमचं कापड आजवर चांगलं राहिलं, त्याचं श्रेय भिजवण्याला आणि धुण्याला. जास्तीचा रंग पाण्याबरोबर गेला.

माझी पद्धत अशी. पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या मागच्या बाजूला दहा-बारा वेळा घासते. रुमाल रंगला तर ते कापड एकटंच, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. लाल, गडद निळा आणि काळा यांची ही परीक्षा कधीच चुकवू नये. आणि पुढे जसं धुणार तसंच आधी धुवावं. नंतर मशीनमध्ये कोमट पाण्याने धुणार असाल तर थंड पाण्यात नुसतं बुचकळून काढलेलं कापड पुढे आणखी आटतंच.

कॉटन म्हणून पॉलिएस्टर मिसळलेलं गळ्यात पडतं, त्यावरही एक उपाय आहे. काठाकडचे चार धागे काढून पीळ द्या, चिमट्यात धरून पाणी घातलेल्या स्टीलच्या ताटलीवर पेटवा. कॉटन कागदासारखं जळतं, राख करडी आणि मऊ. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर येतो आणि शेवटी टणक मणी उरतो. कॉटनची आणि पॉलिएस्टरची अशा दोन्ही खुणा दिसल्या तर मिश्र धागा. खिडकी उघडी ठेवा आणि पोरांना लांब ठेवा.

मांडवीकाठ

राग कसला. इतकी वर्षं कोणी कारण सांगितलं नव्हतं. आता मीठ बंद, भिजवणं चालू.

काठपदर, बेळगाव

माहेर म्हार्दोळचं, सासर बेळगावचं. गोव्याची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला इकडे येतात तेव्हा येताना घरचं शिवायचं कापडही नेतात, म्हणून लिहिते. खणाचं कापड घेणाऱ्यांनी पन्हा मोजल्याशिवाय मीटर ठरवू नयेत. खणाचा पन्हा नेहमीच्या ४४ इंचापेक्षा बराच कमी असतो. अडीच मीटरच्या हिशोबाने नेलं की बाह्यांना कापड उरत नाही, मग रंग जुळवत परत फेरी. दुकानात पहिला प्रश्न पन्ह्याचा, दुसरा भावाचा.

ब्लाउजच्या अस्तरासाठी मी टू बाय टू रुबिया हे तलम सुती कापडच वापरते, आणि अस्तर तर वरच्या कापडाच्याही आधी भिजत घालते. गोव्याच्या घामात पॉलिएस्टरचं अस्तर लावलेला रेशमी ब्लाउज म्हणजे अंगाला वाफच.

सोपो आणि सावली, सासष्टी

आमचं घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. कपड्यांपेक्षा मी घरचं जास्त शिवते, पडदे, गाद्यांच्या खोळी, बल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, घालायच्या गाद्या. इथे खाऱ्या हवेचा विचार आधी करावा लागतो. पहिल्या खोळींना पितळी चेन लावली होती, दोन पावसाळ्यांत ती हिरवी पडून जाम झाली. आता प्लास्टिक दातांचीच लावते. बल्कांवात वाऱ्याबरोबर पावसाचे शिंतोडे येतात, जाड कॉटन कॅनव्हास दिवसदिवस वाळत नाही आणि ओल्या खोळीवर काळे ठिपके धरतात. बुरशीचे ते ठिपके एकदा धाग्यात शिरले की जात नाहीत. म्हणून तिथे पॉलिएस्टर मिसळलेलं कापड चांगलं, घरात अंथरायला मात्र निव्वळ कॉटन.

दोऱ्याचंही तसंच. जुन्या कॉटन दोऱ्याची रिळं पावसाळ्यात ओल धरतात आणि कुजतात. हातभर दोरा घेऊन झटका देऊन बघा. सहज तुटला तर तो कच्च्या शिलाईलाच ठेवा, पक्क्या शिवणीला नको.

आमच्या शेजारी एक आंटी आहेत, गावातल्या पोरींचे कोमुन्यांवचे, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे, पांढरे फ्रॉक त्या आयुष्यभर शिवत आल्या. सॅटिनला त्या टाचणी कधीही शिवणीच्या आतल्या बाजूला टोचू देत नाहीत, फक्त मार्जिनमध्ये. सॅटिनवर पडलेलं भोक बुजत नाही. आणि पावसाळ्यात टाचण्या कापडात टोचून रात्रभर ठेवायच्या नाहीत. एकदा मी ठेवल्या. सकाळी पांढऱ्या कापडावर ओळीने तांबूस ठिपके, प्रत्येक टाचणीचा एक. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवलं तेव्हा बरेचसे गेले, पण ऊन मिळायलाच चार दिवस लागले.

रेशीमगाठ, साखळी

मी वाट बघत होते की रेयॉनबद्दल कोणीतरी बोलेल. सध्या बाजारात निम्मे छापील कुर्ते त्याचेच. अंगाला थंड, सुळसुळीत, दिसायला गोड. पण ओलं झालं की रेयॉनची ताकद जवळजवळ निम्म्याने उतरते, कॉटन आणि लिनन मात्र ओलं झालं की उलट मजबूत होतं. म्हणून रेयॉन पिळायचं नाही, टांगून ठेवायचं नाही, दोरीवर आडवं पसरायचं. आटतंही भरपूर.

कापताना ते सापासारखं सरकतं. माझ्या सासूबाईंची युक्ती सांगते. सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाची पेज करून वरची निवळ गाळून घ्यायची, उकड्याची नको, तिचा तांबूस रंग फिक्या कापडाला लागतो. निवळीत तेवढंच पाणी घालून धुतलेलं कापड बुडवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं आणि किंचित दमट असताना इस्त्री. कापड कागदासारखं उभं राहतं, रेघ मारता येते, कात्री चालते. शिवून झालं की लगेच धुवायचं. खळ घातलेलं कापड पावसाळ्यात कपाटात ठेवलं तर कसर आणि बुरशी दोन्ही लागतात.

घेरदार काही उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यावर, कापलं असेल तर खालची कड दुमडायच्या आधी एक दिवस टांगून ठेवा. तिरप्या धाग्याचे भाग लोंबतात, मग कड सारखी करून दुमडायची.

सुईदोरा, फोंडा

वहीत सगळं उतरवतेय. एक विचारू का, सुई कोणती? माझ्या मशीनला दुकानदार देतो ती १६ नंबर, मी सगळ्याला तीच वापरते.

गजकात्री, डिचोली

१६ नंबर जाड पडद्याला, जीन्सला. कुर्त्याच्या कॉटनला १४ पुरे, मलमल, रेयॉन, रुबियाला ११. अगदी झिरझिरीत शिफॉनला ९. जाड सुई पातळ कापडात भोकं पाडते आणि धागा ओढते, मग शिवणीला चुण्या पडतात आणि आपण उगाच टेन्शनचा स्क्रू पिळत बसतो. टाका कुर्त्याला अडीच मिलिमीटरच्या आसपास, जाडाला तीन-साडेतीन. होजियरीला, म्हणजे बनियनसारख्या ताणणाऱ्या कापडाला, गोल टोकाची सुई वेगळी मिळते. साधी सुई तिथे टाके सोडते.

सुई सात-आठ तास शिवून झालं की बदलावी. कापडात शिरताना टक टक आवाज आला तर त्याआधीच. आणि कोणतीही शिवण घालण्याआधी त्याच कापडाचा तुकडा दुहेरी करून, अस्तर असेल तर अस्तरासकट, त्यावर चार इंच शिवून बघायचं. दुकानात आमच्या हाताला ही सवयच लावलेली होती.

पाडी, काणकोण

चवथीला आईसाठी शिवताय तर कुणबी चौकडीचा विचार करा ना. आमच्याकडे कोकणीत साडीलाच कापड म्हणतात, आणि आमच्या आजीचं कापड म्हणजे ती लाल चौकडी, खांद्यावर गाठ मारून नेसलेली, शेतात गुडघ्यापर्यंत. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती परत लोकांसमोर आणली, त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. आता पोरी त्या चौकडीचे कुर्ते घालतात तेव्हा मला बरं वाटतं.

फक्त घेताना उलटून बघा. धागा आधी रंगवून विणलेली चौकडी दोन्ही बाजूंनी सारखीच गडद असते. नुसती छापलेली असेल तर मागून फिकी दिसते. छापलेल्या चौकडीत छपाई आणि धागा एका रेषेत नसले तर काही इलाज नाही, धागा धरला तर चौकडी वाकडी, चौकडी धरली तर शिवण फिरणार. विणलेल्या चौकडीत रेघच उभा धागा दाखवते, ज्याला फाडायची भीती वाटते त्याला यापेक्षा सोपं कापड नाही. हातमागाचं असेल तर हातमाग चिन्ह बघा.

चौकडी जुळवायला नेहमीपेक्षा पाव-अर्धा मीटर जास्त घ्या. पुढचा भाग कापला की तोच मागच्या कापडावर ठेवून रेघेला रेघ लावून मागचा कापायचा. बाजूच्या शिवणीला टाचण्या खालच्या कडेपासून वर लावत जायचं. एखादी रेघ चुकली तर ती बगलेत जाऊ दे, तिथे कोणाचं लक्ष जात नाही.

सुईदोरा, फोंडा

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय.

पाडी ताईंचं ऐकून शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन लाल चौकडी घेतली, तीन मीटर. दोन्ही बाजूंनी सारखी आहे का ते उजेडात नेऊन बघितलं, दुकानदाराने न सांगताच गठ्ठा दारात आणून दिला. ओल्या रुमालाला गुलाबी डाग आला, म्हणून एकटंच धुतलं. तिसऱ्या पाण्याला नितळ आलं.

धुण्याआधी मी एक केलं. कापडाच्या एका कोपऱ्यात उभ्या-आडव्या धाग्याला धरून ५० सेंटिमीटरचा चौकोन पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालून आखला. कोमट पाण्यात धुतलं, सावलीत वाळवलं, दमट असताना इस्त्री केली आणि मोजलं. लांबीला ४८, पन्ह्याला ४९. शंभराला चार आणि दोन. अस्तराच्या मलमलला तर लांबीला ४६. पहिल्या कुर्त्याचं सगळं गणित त्या दोन चौकोनांत दिसलं. मग सगळं पुन्हा एकदा धुतलं, दुसऱ्या वेळी चौकोन हलला नाही, तेव्हाच कात्री हातात घेतली.

आधी मांजरपाटाचा कच्चा शिवून आईला घातला. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर उतरलेला आहे, इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. जुन्या कुर्त्यावरून माप घेतलं तेव्हा ते कळणार तरी कसं? उजवा मुंढा तेवढा खाली घेतला.

कापड फाडलं. पहिल्यांदा हात थरथरला, पण कड अगदी चौकडीच्या रेघेवरून गेली.

कफाचं काज सोडलं तर काल पूर्ण झाला. आजच धुऊन दोरीवर घातलाय, पाऊस उघडला म्हणून. लांबी मोजली, ४२. बाजूच्या शिवणी बाजूलाच आहेत, डावीकडच्या चौकड्या बगलेपर्यंत जुळल्यात, उजवीकडे वरची एक सरकली आहे. आई दोनदा बाहेर जाऊन बघून आली वाळला का म्हणून.

गजकात्री दादा, एकच राहिलं. बाहीच्या कफाला काज हाताने करायचं आहे. मलमलचा एक पदर मध्ये घालून करू की बकरम, म्हणजे ते कडक कापड, लागेल?

गजकात्री, डिचोली

बकरम नको, मनगटाला टोचेल. मलमलचा पदर पुरे, फक्त तोही धुतलेला घ्या. काज कापायच्या आधी कडेने बारीक धावदोरा घाला, मग कापा आणि टाके घाला. दोरा दुहेरी.